मामीचा अननस आणि मास्तरांचा घाट

आमच्या गावात अननस कोणी खात नाही. गावामागची अख्खी टेकडी अननसानं भरलेली आहे, हे त्याचं कारण. लहानपणी आम्ही तो इतका खाल्ला की जिभा सोलून निघाल्या, आणि जीभ एकदा सोलली की जन्मभर डूख धरते. घरी पाहुणा आला तर आम्ही त्याच्यापुढे बिस्किटं ठेवतो. अननस ठेवला तर तो घरी जाऊन सांगेल, बिचाऱ्यांच्या घरात काहीच नव्हतं. पिकून पडलेली फळं म्हशीला घालतो. म्हैससुद्धा आधी पेंड संपवते.

अशा गावात मामीनं आयुष्यभर अननस विकला, आणि तोही थाटात.

ती माझी सख्खी मामी, पण गाव तिला मामीच म्हणतं. तिच्याहून वयानं मोठी माणसं म्हणतात, स्टँडवरचे हमाल म्हणतात, आणि घाईत असला की खुद्द मामाही म्हणतो. बसस्टँडच्या भिंतीला टेकून तिचं दुकान: वर पत्रा, समोर एक जाड फळी, दोन बाकडी, पाण्याचं एक पिंप आणि लांब पात्याची एक सुरी. त्या सुरीला मामाही हात लावत नसे. समोर माझं छत्र्या-चपलांचं दुकान. छत्र्या-चपलांना रोज गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे मामीचं दुकान पाहायला मला भरपूर वेळ मिळालेला आहे.

तिचे नियम कडक. आजचा अननस आजच तोडायचा. उजाडताच ती टेकडीवर जाई, काटेरी पानांतून वाकून एकेका फळाच्या बुडाशी नाक लावी, आणि ज्याला वास आला त्यालाच खाली आणी. बाकीच्यांना म्हणे, "बसा अजून."

"मामी, थोडे आधी तोडून ठेवले तर घरात पिकतील की," असं मी एकदा म्हणालो.

"अरे, तोडल्यावर अननस पिवळा होतो, मऊ होतो, म्हातारा होतो, पण गोड होत नाही," मामी म्हणाली. "नवऱ्यासारखं आहे ते. जे काय व्हायचं ते आधीच झालेलं असतं."

मामा शेजारी टोपली विणत बसला होता. तो म्हणाला, "बरोबर आहे."

मामाबद्दल एवढं सांगितलं की पुरे. त्यानं लग्न झाल्यापासून "बरोबर आहे" आणि "चांगलं आहे" या दोन वाक्यांवर संसार केला. पाऊण आयुष्य गेलं, तिसरं वाक्य लागलं नाही.

तर मामीचे बाकीचे नियम. बर्फ नाही. उभ्यानं खायचं नाही. आधी पिंपावर जाऊन चूळ भरायची, मग बाकावर बसायचं, मग बशी मिळणार. बशीत चार-पाच फोडी आणि वर मिठाची चिमूट. गिऱ्हाईक "मीठ नको" म्हणालं तर मामी त्याच्याकडे अशी बघे की ते आपणहून म्हणे, "बरं, घाला."

आणि मग तो चमत्कार होई. माणूस पहिली फोड तोंडात टाकी आणि डोळे मिटी. शहरातला जाड माणूस असो, कडेवर मूल घेतलेली बाई असो, कुठल्याशा दूरदेशचा पाठीवर गाठोडं घेतलेला लालबुंद पोरगा असो. डोळे मिटत, खांदे खाली येत, आणि जरा वेळानं तोंडातून निघे, "असा अननस जन्मात खाल्ला नाही."

मामी ते ऐकलंच नाही असं दाखवून सुरी पुसत बसे. सुरी मात्र गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली जाई.

स्वतः ती अननस चाखत नसे. लग्नानंतर तिनं एक फोडही तोंडात घातली नव्हती.

"चव न बघता विकतेस कशी?" मी विचारलं होतं.

"शिंपी काय दुसऱ्याच्या विजारी घालून बघतो?" ती म्हणाली. "मला गिऱ्हाइकाचा चेहरा दिसतो. डोळे मिटले, माल पास."

या हिशेबात एक मोठी गोम होती, आणि ती गोम गावात फक्त एका माणसाला ठाऊक होती. तो म्हणजे घाटमास्तर.

घाटमास्तर हा बसचा ड्रायव्हर. शहराकडून येणारा रस्ता आमच्या गावाला भेटायच्या आधी एका घाटातून येतो. तो घाट ज्यानं आखला त्याला बहुधा पैसे वळणागणिक मिळत असावेत. एक वळण संपून माणूस हुश्श करतो तोवर दुसरं येतं. उजवीकडे डोंगर, डावीकडे काहीच नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या त्या बसमध्ये माणसं पापडासारखी तापत आणि लाटेसारखी डोलत. शेवटच्या टप्प्यात बसमध्ये इतकी शांतता असे की ज्याला त्याला आपलं पोट ऐकू येई. या घाटातून मास्तरांनी उमेदीची सगळी वर्षं बस चालवली, म्हणून हे नाव. गाडी स्टँडवर लागली की ते खाली उतरत, मिशीवरून हात फिरवत आणि मामीच्या दुकानासमोर उभे राहून म्हणत, "घ्या मामी, आणली तुमची गिऱ्हाइकं. बरोब्बर पिकवून आणली आहेत."

"गिऱ्हाइकं तुम्ही आणता, मास्तर. डोळे माझा अननस मिटवतो."

"डोळे माझ्या घाटात मिटायला लागतात. तुमच्या दुकानात नुसता शेवट होतो."

"मग घाटातच का नाही उतरवत? दगड चाटून बघू देत, गोड लागतोय का."

"मामी, त्या अवस्थेत माणसाला दगडही गोड लागेल. तुम्ही त्याला काकडी द्या. तरी म्हणेल, अशी काकडी जन्मात खाल्ली नाही."

काकडीचं नाव काढलं की मामीचा पारा चढे. "तुम्ही स्वतः कधी खाल्लाय का माझा अननस? नाही ना? मग बोलू नका."

हे मात्र खरं होतं. मास्तर कधी खात नसत. खाल्ला आणि आवडला तर भांडण हरल्यासारखं होईल, म्हणून समोरच्या टपरीवर चहा पीत. मामीही त्यांना कधी आग्रह करत नसे. नाही आवडला तर? अशा रीतीनं दोघांनीही वर्षानुवर्षं मोठ्या काळजीनं निकाल लागू दिला नव्हता. बस पाच मिनिटं उशिरा आली तर मामी फळीवर चढून घाटाकडे बघे. विचारलं तर म्हणे, "वारा बघतेय."

मग बोगदा झाला.

डोंगराला सरळ भोक पाडलं. फीत कापली, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून नवीकोरी थंडगार बस बोगद्यातून सुळकन यायला लागली. जुना घाट शेळ्यांना दिला. ड्रायव्हर मास्तरच होते, पण बसमधून उतरणारी माणसं निराळी. कपड्याची इस्त्री शाबूत, केस जागच्या जागी, हातात थंड पाण्याची बाटली. ती मामीच्या दुकानावर येत, चूळ कशाला भरायची असं विचारत, आणि फोड तोंडात टाकून फोनवर बोलत राहत.

पहिल्याच दिवशी मामीनं एका बाईकडे टक लावून पाहिलं. बाईनं तीन फोडी खाल्ल्या. डोळे उघडे. वर ती म्हणाली, "छान आहे." दोन फोडी बशीत ठेवून निघूनही गेली.

मामीनं ती बशी हातात धरली आणि कितीतरी वेळ धरून ठेवली. तिच्या दुकानात बशीत फोड राहण्याची पद्धत नव्हती.

आठवडाभर हेच. "छान आहे." "ठीक आहे." एक जण तर म्हणाला, "फ्रेश वाटतोय." मामीला शब्द कळला नाही, पण डोळे उघडे होते हे दिसलं.

आता शहाण्या माणसाला वाटेल, हिला बोगदा दिसत नव्हता का? दिसत होता. पण ज्या बाईनं जन्मभर मास्तरांना "डोळे माझा अननस मिटवतो" असं सुनावलं, ती बोगद्याकडे बोट कशी दाखवणार? बोगद्याला दोष द्यायचा म्हणजे घाटाला श्रेय द्यायचं. त्यापेक्षा तिनं अननसाला दोष दिला. चाखण्याची सोय नव्हतीच. चेहरे नापास म्हणजे माल नापास.

मग टेकडीवर धरपकड सुरू झाली. शेणखत आलं. राख आली. मामाचं पाणी घालणं चुकतंय असं ठरलं, मग मामाचं पाणी न घालणं चुकतंय असं ठरलं. मामा दोन्ही वेळा म्हणाला, "बरोबर आहे." सुरीला दोष देऊन झाला, मिठाची पिशवी बदलून झाली. शेवटी तिनं मामाला चव घ्यायला लावलं.

"कसा आहे?"

"चांगलं आहे."

ही साक्ष कोणत्याच दरबारात चालली नसती. मग तिनं रस्ता ओलांडून मला गाठलं. "बाळ," ती म्हणाली. माझे केस पांढरे व्हायला लागलेत, पण मामीला ते कोणी सांगितलेलं नाही. "बाळ, खरं सांग. आई-बापाची शपथ घेऊन सांग."

मी फोड खाल्ली. बऱ्याच वर्षांनी खाल्ली. विचार केला.

"अननसासारखा लागतो," मी म्हणालो.

मामी बशी उचलून परत गेली. मला वाटलं होतं, मी कौतुक केलं.

त्यातच मास्तरांनी भांडण सोडलं. हा सगळ्यांत मोठा घाव. बोगद्यातून गाडी आणण्यात त्यांनाही गोडी उरली नव्हती. "ती गाडी काय, एखादी भिंतसुद्धा चालवेल," असं ते टपरीवर म्हणत. मामीच्या समोरून जाताना मान खाली. एकदा मामीनं मुद्दाम डिवचलं, "काय मास्तर, आज गिऱ्हाइकं कच्चीच आणली?"

मास्तर म्हणाले, "हो मामी. तुमचं बरोबर आहे."

"दुसरा मामा झालाय हा," मामी मला म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती.

दरम्यान शहरातून मुलाचे फोन येत होते. मामीचा एकुलता एक मुलगा, माझा मामेभाऊ, शिकून शहरात गेला, तिथं लागला, लग्न केलं, उंचावर फ्लॅट घेतला. फोनवर त्याचं एकच चाले, "आई, किती वर्षं सुरी चालवणार? इकडे या दोघं. खोली तयार आहे." मामी आजवर हसून म्हणायची, "माझ्या अननसाला कोण बघणार?" आता ते वाक्य तिनं म्हणणं सोडलं.

एका संध्याकाळी ती माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली. "ठरवलंय मी. या हंगामात बशा रिकाम्या परत आल्या तर राहीन. नाही आल्या तर टेकडी भावकीत देऊन टाकेन, दुकान मोडेन आणि पोराकडे जाईन. ज्याच्या मालाला चव नाही त्यानं फळी अडवून बसू नये."

"मामा काय म्हणतो?"

"काय म्हणणार?"

आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "बरोबर आहे." हसू मात्र एकालाही आलं नाही.

मुलानं मधला मार्ग काढला. आधी महिनाभर राहून तर बघ. मामाकडे सुरी सोपवून, तीनतीनदा बजावून, मामी बोगद्यातून शहरात गेली. बोगद्यातून जाताना पदर नाकाला लावून बसली होती म्हणे, पण काहीच झालं नाही. "पोटातलं पाणी हललं नाही," असं तिनं फोनवर सांगितलं. त्यात तक्रारीचा सूर होता.

फ्लॅटमध्ये तिचे हाल झाले असं मुळीच नाही. सून गुणी. सकाळी गरम पाणी नळाला, दारात लिफ्ट, खिडकीला वारा. फक्त करायला काही नाही. चौथ्या दिवसापर्यंत तिनं घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावली, मग शेजाऱ्यांच्याही मागून आणल्या. सुनेनं मोठ्या प्रेमानं बाजारातून अननस आणला. हिरवागार, दगडासारखा.

"पिकेल ना आई दोन दिवसांत?"

मामीच्या जिभेवर "नवऱ्यासारखं आहे ते" हे वाक्य आलं होतं, पण मुलगा शेजारीच बसला होता. ती म्हणाली, "ठेवून बघ."

दोन दिवसांनी अननस पिवळा झाला. सुनेनं कापला, फ्रिजमध्ये ठेवला, रात्रीच्या जेवणानंतर वाटीत घालून पुढे केला. नाही म्हणणं बरं दिसेना. इतक्या वर्षांनी मामीच्या तोंडात अननस गेला. दात आंबले, जीभ आखडली, आणि चव म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्याची.

"कसा आहे?" सुनेनं विचारलं.

"चांगलं आहे," मामी म्हणाली. आणि त्या क्षणी, ती सांगते, तिला मामाबद्दल पहिल्यांदा जरा शंका आली.

पण त्या पुठ्ठ्यावरून तिनं उलटाच निष्कर्ष काढला. तिला वाटलं, अननस म्हणजे असाच असतो. आपलाही असाच असणार. माणसं भली होती, म्हणून इतकी वर्षं डोळे मिटत होती. झालं. महिना भरायच्या आत तिनं मुलाला सांगून टाकलं, "जाते, दुकान मोडते, आणि यांना घेऊन कायमची येते."

ती निघाली त्या दिवशी ऊन असं होतं की स्टँडवरची कुत्रीसुद्धा बसखाली झोपली होती. नेमका त्याच दिवशी बोगद्यात एक मालगाडा आडवा झाला. रस्ता बंद. बस अडवून पोलीस म्हणाला, "एकतर परत जा, नाहीतर जुन्या घाटातून."

बसच्या आरशात मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी सीट पुढे सरकवली, बाह्या वर केल्या, मिशीवरून हात फिरवला.

"मामी, घट्ट धरून बसा," ते मागे न बघता म्हणाले.

"मला काय होतंय? जन्म गेला माझा घाटाच्या पायथ्याशी."

पायथ्याशी गेला होता, हेच तर. मामीचं माहेर गावातलंच, सासर दोन गल्ल्या पलीकडे. घाट तिनं जन्मभर खालून पाहिला होता. बसमध्ये बसून तो कधी उतरली नव्हती.

तिसऱ्या वळणाला तिनं बोलणं थांबवलं. पुढे थंड हवेचं यंत्र घरघर करून बंद पडलं. नव्या बसच्या खिडक्या उघडत नाहीत हा शोध लावणारे दोघे-तिघे उठून परत बसले. बाटल्या संपल्या. इस्त्र्या विरघळल्या. बस उजवीकडे झुकली की सगळे उजवीकडे, डावीकडे झुकली की सगळे डावीकडे. मास्तर मात्र शीळ घालत होते.

"मास्तर," मामी कशीबशी म्हणाली, "जरा सरळ चालवा की."

"सरळ चालवली तर दरीत जाऊ, मामी."

"किती राहिलीत वळणं?"

"आत्ता कुठे सुरुवात आहे."

खोटं होतं ते, अर्धा घाट झाला होता. पण इतक्या वर्षांनी चालून आलेली संधी माणूस सोडेल कशी?

मी दुकानात बसलो होतो. बस स्टँडवर लागली आणि दार उघडलं, तेव्हा आतून माणसं उतरली नाहीत, गळली. त्यांच्यात मामी. चेहरा कच्च्या अननसाच्या रंगाचा, पदर कुठे, पिशवी कुठे. ती सरळ पिंपावर गेली, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं, आणि स्वतःच्याच दुकानाच्या बाकावर गिऱ्हाइकासारखी बसली.

मामानं तिच्याकडे पाहिलं. फळीवर सकाळीच आणलेला अननस होता. त्यानं तो सोलला. मामी सोलते तसं नाही. मामी अननसाच्या डोळ्यांच्या तिरक्या रांगेनं सुरी फिरवत नेते आणि फळावर घाटाच्या रस्त्यासारखी सुबक वळणं उमटतात. मामानं ओबडधोबड तासला. चार फोडी, मिठाची चिमूट, बशी पुढे.

मामीनं एक फोड उचलली. पाहिलं नाही, वास घेतला नाही, तोंडात टाकली.

आणि तिचे डोळे मिटले.

मी रस्ता ओलांडून गेलो. बाकीचे प्रवासी बाकावर बसून तेच करत होते. सगळं दुकान डोळे मिटून बसलेलं. मास्तर बसच्या दाराशी उभे राहून बघत होते.

मामीनं बशी संपवली. मग डोळे उघडले आणि मामाला म्हणाली, "हा कुठला आणलात?"

"टेकडीवरचा."

"कोणाच्या टेकडीवरचा?"

"आपल्याच."

"खोटं बोलू नका. मी महिनाभर नाही बघून दुसऱ्या कोणाचा माल विकता होय?"

मामानं फळीखालून त्या अननसाची पानांची शेंडी आणि बुडाचा देठ काढून तिच्यासमोर ठेवले. मामीनं दोन्ही उलटंपालटं करून पाहिलं. पानं तिच्या ओळखीची, देठ विळ्यानं कापायची तिरकी तऱ्हा मामाला तिनंच शिकवलेली. तिला आपलं फळ ओळखू आलं.

"अजून एक बशी द्या," ती म्हणाली.

ती खाऊन झाल्यावर तिनं मान वर केली. मास्तर अजून तिथंच. आता त्यांच्या जिंकण्याचा क्षण होता. काकडीचा मुद्दा काढायला हरकत नव्हती. पण मास्तर काही बोलेनात.

"बोला की," मामी म्हणाली. "जन्मभर तोंड चालवलंत, आता का मुके झालात?"

"काय बोलू?" मास्तर म्हणाले. "मलाही एक बशी द्या."

गाव थांबलं म्हटलं तरी चालेल. टपरीवाला कप विसळायचा थांबला. मास्तरांनी चूळ भरली, बसले, फोड तोंडात घातली. आम्ही सगळे त्यांच्या पापण्यांकडे बघत होतो. पापण्या जागच्या जागी. घाटात मास्तरांच्या पोटातलं पाणी कधी हललंच नव्हतं.

"काय?" मामीनं विचारलं.

"चांगला आहे," मास्तर म्हणाले. "पण यात डोळे मिटण्यासारखं काय आहे?"

कोणाला वाटलं असेल, मामी आता उखडणार. ती हसायलाच लागली. इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मग म्हणाली, "मास्तर, ऐका. शहरात मी एक अननस खाल्लाय. त्याच्यापुढे तुमचे दहा घाट आणून ठेवले तरी पुठ्ठाच लागेल तो. तेव्हा अननस माझाच. पण पोट घाटानं साफ केलं, हे मान्य."

"निम्मं निम्मं?" मास्तरांनी विचारलं.

"निम्मं कसलं? चिमूटभर तुमचं. मिठाएवढं."

"मीठ नसलं तर बशी परत येते मामी, तुम्हीच म्हणता."

यावर मामीनं त्यांना आणखी एक फोड दिली.

दुकान मात्र तिनं मोडलंच. बोगद्यातला मालगाडा हलला, रस्ता सुरू झाला, गार बस पुन्हा सुळकन यायला लागली. स्टँडवर बसून काही होणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. पत्रा, फळी, बाकडी आणि पिंप मामाच्या डोक्यावरून टेकडीवर चढलं, अननसाच्या वाफ्याच्या वरच्या अंगाला. खाली स्टँडवर एक पाटी उरली: "अननस वर मिळेल." पाटीखाली एका मोडक्या खुर्चीत मास्तर. ते तोवर निवृत्त झाले होते आणि घरात त्यांचा कोणाला उपयोग नव्हता. प्रवासी विचारत, वर म्हणजे कुठून? मास्तर मिशीवरून हात फिरवून टेकडीला वळसा घालणारी जुन्या घाटाची वाट दाखवत. जवळची पायवाटही आहे, स्टँडच्या मुतारीमागून निघते, दोन उड्यांत वर. पण ती मास्तरांना आठवत नसे. उन्हातून वळणं घेत, धापा टाकत, मास्तरांना आणि मामीला आणि आपल्या नशिबाला शिव्या घालत माणसं वर पोचत. चूळ भरत, बसत. पुढचं सांगायला नको.

पावसाळ्याच्या तोंडावर मुलगा आला. आईबापांना न्यायचं ठरलेलं होतं. त्यानं सामानासाठी मोठी बॅगही आणली होती. मास्तरांनी त्याला ओळखलं, विचारपूस केली आणि लांबच्या वाटेला लावलं.

तो वर आला तेव्हा त्याला बोलवत नव्हतं. याच टेकडीवर लहानपणी अननसाचं नाव काढलं की तो पळत सुटायचा. त्याची जीभ आमच्या सगळ्यांत जास्त सोललेली. मामीनं बशी पुढे केली. त्यानं हाताला लागली ती फोड तोंडात टाकली.

डोळे मिटले.

मामी सुरी पुसत होती, ती थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. आधी चेहरा उजळला, नेहमीसारखा. मग त्यावरून काहीतरी सरकून गेलं. ती त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. परगावच्या पाहुण्याकडे बघावं तशी.

"आई," त्यानं डोळे उघडून विचारलं, "हा आपलाच?"

"आपलाच," मामी म्हणाली. "घे अजून."

त्यानं तीन बशा खाल्ल्या. बॅगेचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तीच बॅग भरून तो अननस घेऊन गेला. मामीनं बजावलं होतं, पोचल्या पोचल्या खा, आणि लिफ्टनं जाऊ नका, जिन्यानं चढा.

तो गेला त्या दुपारी मी मुतारीमागच्या पायवाटेनं दोन उड्यांत वर गेलो. मामी एकटीच फळीमागे बसली होती. मामा खाली वाफ्यात होता. तिनं न विचारताच एक फोड कापून माझ्या हातावर ठेवली. उभ्यानंच, चूळ न भरता. मी खाल्ली. ती माझ्या उघड्या डोळ्यांकडे बघत होती.

"कसा आहे?"

खोटं बोलावं की काय, असं क्षणभर मनात आलं. पण मामीपुढे खोटं बोलायची सवय नाही.

"अननसासारखा," मी म्हणालो.

"बरं झालं," मामी म्हणाली. "एक तरी घरचा राहिला." आणि तिनं सालींनी भरलेली पाटी माझ्या डोक्यावर ठेवली. "जाता जाता म्हशीला घाल. आणि त्या मास्तरांना सांग, वर या म्हणावं, बशी काढून ठेवलीय. येताना लांबच्या वाटेनं या म्हणावं. बघू या तरी, कधी मिटतायत का ते."